समुद्राकडे जाणारे पाणी
(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



पाणी गाळून वापरण्याचा संस्कार आपल्या घराघरांत आहे. गाळण्यात राहिलेले जीव पुन्हा त्याच पाण्यात सुखरूप पोहोचवावेत, इतकी काळजी आपली वडीलधारी मंडळी घेत आली. परंतु घरात येणाऱ्या पाण्याबाबत एवढे दक्ष असलेले आपण घराबाहेर जाणाऱ्या पाण्याचा विचार क्वचितच करतो. मोरीत ओतलेले पाणी दृष्टीआड झाले की आपली जबाबदारी संपली, असे आपण मानतो. किनाऱ्यावरील शहरात ते पाणी अखेर समुद्रालाच मिळते.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील बोस्टन शहराचे उदाहरण या संदर्भात विचार करण्यासारखे आहे. तेथे १९५२ व १९६८ साली मलप्रक्रिया केंद्रे उभारली गेली होती. पण त्यांत केवळ जड घाण तळाशी बसवली जात असे. आश्चर्य म्हणजे असा वेगळा काढलेला गाळही ओहोटी साधून पुन्हा बंदरातच सोडला जाई. किनारे दुर्गंधीने भरले. तळाशी राहणाऱ्या फ्लाउंडर नावाच्या चपट्या माशांच्या यकृतात गाठी आढळू लागल्या. अखेर १९८२ साली शेजारच्या क्विन्सी शहराने न्यायालयात दाद मागितली. १९८४ साली कायद्याने स्वतंत्र प्राधिकरण स्थापन झाले आणि पुढील काम न्यायालयाने आखून दिलेल्या वेळापत्रकानुसार चालले. डिसेंबर १९९१ मध्ये समुद्रात गाळ सोडणे बंद झाले. डिअर आयलंड येथील नवे केंद्र १९९५ पासून टप्प्याटप्प्याने कार्यान्वित झाले.

हे केंद्र समुद्राचे रक्षण कसे करते, ते थोडक्यात पाहू. मैल्यातील सेंद्रिय द्रव्य समुद्रात गेले की ते कुजवणारे सूक्ष्मजीव पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरून टाकतात आणि जलचर गुदमरतात. ही कुजण्याची क्रिया समुद्रात न होऊ देता केंद्रातच घडवून आणणे, हे या शास्त्राचे सार होय. प्रथम जाळ्यांतून कचरा व रेती अडवली जाते. मग संथ टाक्यांत जड घाण तळाशी बसते. त्यानंतरच्या टाक्यांत शुद्ध प्राणवायू पुरवून सूक्ष्मजीवांकडून विरघळलेली घाणही संपवली जाते. या दोन पायऱ्यांनंतर मैल्यातील ८५ टक्क्यांहून अधिक घनद्रव्य दूर झालेले असते. शेवटी पाणी निर्जंतुक करतात आणि त्यासाठी घातलेल्या क्लोरीनचा अंशही जलचरांना बाधू नये म्हणून काढून टाकतात. गाळ अंड्याच्या आकाराच्या बारा प्रचंड टाक्यांत कुजवला जातो. त्यातून निघणाऱ्या मिथेन वायूपासून उष्णता व वीज मिळते, तर उरलेल्या गाळाचे खत होते.

सप्टेंबर २००० पासून हे शुद्ध केलेले पाणी सुमारे १५ किलोमीटर लांबीच्या बोगद्यातून खोल समुद्रात सोडले जाते. दूरच्या उपसागराला त्याने अपाय होईल, अशी भीती तेव्हा अनेकांना वाटत होती. म्हणून बोगदा सुरू होण्याच्या कित्येक वर्षे आधीपासून पाण्याच्या नोंदी ठेवण्यात आल्या आणि पुढेही चालू राहिल्या. बंदराचे पाणी निवळले, किनाऱ्यांवर लोक पुन्हा पोहू लागले आणि फ्लाउंडरच्या यकृतातील गाठी जवळजवळ दिसेनाशा झाल्या.

हे सारे फुकट झाले नाही. सुमारे ३८० कोटी डॉलर खर्च आला, घरोघरचा मलनिःसारण आकार झपाट्याने वाढला आणि लोकांत असंतोषही उसळला. तरीही शहराने तो भार उचलला.

आपल्या मुंबईत वरळी व वांद्रे येथून समुद्रतळाखालून तीन किलोमीटरहून अधिक लांबीचे बोगदे मलजल दूर नेऊन सोडतात. परंतु दूर नेणे म्हणजे शुद्ध करणे नव्हे. म्हणूनच सात नव्या केंद्रांची योजना आखण्यात आली आणि जानेवारी २०२३ मध्ये त्यांची पायाभरणी झाली. त्यांची एकत्रित क्षमता दररोज सुमारे २,४६० दशलक्ष लिटर आहे. अशी केंद्रे आपल्या वस्तीजवळ नकोत आणि त्यांचा खर्चही आपल्यावर नको, अशी भूमिका घेणे सोपे असते. ती घेताना समुद्रातील मुक्या जीवांचा विसर पडू नये, एवढीच विनंती.

केंद्र कितीही उत्तम असले तरी प्रत्येक गोष्ट त्याला पचत नाही. तेलाचा थर नळ्या तुंबवतो. औषधांचे अंश पाण्याबरोबर पुढे जातात. तेव्हा घरातील जुनी औषधे मोरीत टाकू नयेत आणि स्वामीवात्सल्याच्या स्वयंपाकातील उरलेले तेल नाल्यात ओतू नये, इतके तरी आपण आजपासून ठरवू शकतो. येणारे पाणी गाळण्याची दक्षता आपल्या पूर्वजांनी आपल्याला दिली. जाणाऱ्या पाण्याची दक्षता आपण पुढच्या पिढीला देऊ या.