लॅपटॉप भिजला? चार्जर लावू नका!
(मासिक सभेतलं मनोगत)

2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेचा पूर आला, तेव्हा किती वस्तू भिजल्या! पण लॅपटॉपला पूर कशाला, कपभर चहा पुरतो. कराडकडच्या एका बैठकीत माझ्याच हातून सांडला. चार्जिंग होईना, म्हणून मी परत परत चार्जर लावत बसले. तिथंच चुकलं. ओल्या बोर्डात वीज गेली की शॉर्ट होतो, गंजही लवकर चढतो.

तुम्ही लगेच बंद करा, चार्जर काढा, उपडा ठेवा. तांदळात ठेवून भागत नाही. दूध-साखर आतच राहते. दुरुस्तीवाल्याला काय सांडलं ते खरं सांगा. तो बॅटरी सोडवून बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करतो, मग मीटरने चार्जिंगची लाइन तपासतो. बोर्ड गेला तरी डिस्कमधला हिशोब बहुतेकदा निघतो. पण त्या भरवशावर राहू नका. बचत-कर्जाची नोंद वहीतही ठेवा, पेनड्राइव्हवरही. पैसा आपल्या घामाचा आहे!