रंगो बापूजी : साताऱ्याचा वकील



मराठेशाहीत वकील म्हणजे परक्या दरबारात आपल्या राज्याचा शब्द पोहोचवणारा राजदूत. साताऱ्याचे रंगो बापूजी गुप्ते हे असे वकील होते.

१८३९ मध्ये कंपनी सरकारने छत्रपती प्रतापसिंहांना पदच्युत करून काशीस धाडले. गोव्याच्या पोर्तुगिजांशी आणि नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशी संधान बांधल्याचा, कंपनीचे शिपाई फितवल्याचा आरोप होता. खुल्या चौकशीत बाजू मांडण्याची संधी मात्र महाराजांना मिळाली नाही. ती मिळावी, एवढेच मागणे घेऊन रंगो बापूजी लंडनला गेले. कंपनीच्या भागधारकांच्या सभेत आणि छापील पत्रकांतून त्यांनी ते वर्षानुवर्षे मांडले. जोसेफ ह्यूम, जॉर्ज थॉम्प्सन यांसारख्या इंग्रजांनीही त्यांची बाजू घेतली.

१८४७ मध्ये प्रतापसिंह निवर्तले आणि १८४८ मध्ये सातारा खालसा झाले. राजा राहिला नाही, राज्यही राहिले नाही; तरी वकील लंडनमध्येच ठाण मांडून होता. अखेर १८५३ मध्ये ते रिक्तहस्ते परतले.

पुढे १८५७ मध्ये साताऱ्यातील उठावाचा कट फुटला. रंगो बापूजी निसटले, ते पुन्हा सरकारच्या हाती लागलेच नाहीत. पुत्र सीताराम मात्र सापडला. त्या सप्टेंबरात साताऱ्यात १७ जणांना देहदंड झाला. कोणाला फाशी, कोणाला गोळी, कोणी तोफेच्या तोंडी. त्यांत सीतारामही होता.

ही कथा आपल्या रायपूरपासून दूरची नाही. ज्या धोरणाने सातारा गेले, त्याच धोरणाने १८५४ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे राज्य आणि त्यासोबत छत्तीसगड कंपनीकडे गेले. १० डिसेंबर १८५७ रोजी सोनाखानच्या वीर नारायणसिंहांना रायपुरात फाशी झाली. नवा रायपुरातील क्रिकेटच्या मैदानाला त्यांचेच नाव आहे. जानेवारी १८५८ मध्ये हनुमानसिंहांच्या उठावानंतर येथेही १७ जण फासावर गेले आणि हनुमानसिंहही सापडले नाहीत.

साताऱ्याचे १७ आणि रायपूरचे १७ एकाच सत्तेने मारले. छत्तीसगडात मराठी माणूस एके काळी राज्यकर्ता म्हणूनही आला होता, हे विसरता कामा नये. म्हणून आपल्या मुलांनी सातारा स्मरावे, तितक्याच आपलेपणाने सोनाखानही स्मरावे.

रंगो बापूजींचा अर्ज फेटाळला गेला, पण त्यामुळे तो खोटा ठरला नाही. हीरक महोत्सवी शाळेने पुढच्या पिढीस एवढे अवश्य शिकवावे : आपले म्हणणे पुराव्यानिशी मांडावे, आणि दुसऱ्याचे ऐकल्यावाचून निकाल देऊ नये.