काजव्याचा उजेड

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात झालाना, जयपूर येथे दिलेले भाषण)



विज्ञानाच्या विषयावर बोलावयास कलाशाखेच्या पदवीधराने उभे राहावे, हे धाडसच होय. परंतु ह्या विषयाकडे आम्हांस वळविले ते घरातल्याच एका प्रश्नाने. 'डोळ्यांपुढे काजवे चमकले' असे आम्ही एकदा सहज म्हणून गेलो, तेव्हा जयपुरातच वाढलेल्या आमच्या मुलीने विचारले, "बाबा, काजवा म्हणजे नक्की काय?" ह्या झालानाच्या जंगलात तिने बिबट्या पाहिला होता, काजवा मात्र कधीच पाहिला नव्हता. घरात वाक्प्रचार राहिला आणि त्यातली वस्तू तेवढी मागे गावी राहिली, अशी आपणा परप्रांतस्थांची अवस्था आहे.

ज्यांचे बालपण सह्याद्रीच्या कुशीत गेले, त्यांना काजवा सांगावयास नको. मे महिन्याच्या अखेरीस वळवाच्या सरी पडून गेल्या की भंडारदऱ्याच्या परिसरात हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशी झाडेच्या झाडे लुकलुकू लागतात. हा प्रकाश म्हणजे नर-मादीची परस्परांस घातलेली साद होय. अलीकडे हा सोहळा पाहण्यास मोटारींची रीघ लागते आणि त्यांच्या दिव्यांच्या झोतात ही सादच बुजून जाते. पाहावयास जावे, पण दिवे मालवून जावे, एवढेच आम्ही सुचवितो.

दिव्याच्या काचेला हात लावला तर चटका बसतो. काजव्याचा उजेड मात्र शीतल. ह्याचे कारण रसायनात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात राफाएल द्युबोआ ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने दाखविले की, अशा प्रकाशास दोन द्रव्ये लागतात. जे द्रव्य खर्ची पडते त्यास त्याने ल्युसिफेरिन म्हटले आणि जे प्रथिन ही क्रिया घडवून आणते त्यास ल्युसिफेरेज. पुढे अमेरिकेत बाल्टिमोर येथे विल्यम मॅक्एलरॉय ह्यांनी काजव्यांचा अभ्यास आरंभिला. काजवे आणावे कोठून? त्यांनी गावातील मुलांस शंभर काजव्यांमागे पंचवीस सेंट देऊ केले आणि पोरांनी बाटल्या भरभरून आणल्या! त्यातून १९४७ साली सिद्ध झाले की, ह्या उजेडास एटीपी हे द्रव्य लागते. एटीपी म्हणजे प्रत्येक सजीव पेशीचे रोख चलन. जेथे जीव तेथे एटीपी. तेव्हा एखाद्या नमुन्यात काजव्याची द्रव्ये घालावीत. उजेड पडला तर तेथे जीवाचा अंश आहे असे समजावे. रुग्णालयातील वा अन्नाच्या कारखान्यातील पृष्ठभाग खरोखर स्वच्छ आहेत की नाहीत, हे आज ह्याच युक्तीने काही क्षणांत तपासता येते. १९९३ साली तर संशोधकांनी काजव्याचे जनुक क्षयाच्या जंतूत घातले. औषध लागू पडले तर जंतू मरतो आणि उजेड विझतो. औषधास न जुमानणारा जंतू मात्र चमकत राहून स्वतःच चहाडी करतो.

आता दुसरी कथा. ओसामु शिमोमुरा हा जपानी मुलगा १९४५ साली नागासाकीजवळ राहत होता. अणुबाँबच्या लखलखाटाने त्याचे डोळे काही काळ दिपून गेले. एका प्रकाशाने ज्याची दृष्टी क्षणभर हिरावली, त्यानेच आयुष्यभर दुसऱ्या सौम्य प्रकाशाचा शोध घेतला. १९६१ च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर त्यांनी सुमारे दहा हजार जेलीफिश गोळा केले. एके दिवशी निकामी समजून मोरीत ओतलेला अर्क एकदम निळा चमकला! मोरीत समुद्राचे पाणी होते आणि त्यातील कॅल्शियमने ही किमया केली होती. त्या प्रथिनाबरोबरच आणखी एक प्रथिन हाती लागले. निळा प्रकाश पडला की ते हिरवे चमके. त्यास ल्युसिफेरिनची गरज नसे. १९६२ साली त्याची नोंद झाली. पुढे तीस वर्षे त्याकडे फारसे कोणी पाहिले नाही.

ते पाहिले डग्लस प्रॅशर ह्यांनी. हे हिरवे प्रथिन दुसऱ्या प्रथिनास जोडले, तर जिवंत पेशीत ते कोठे जाते हे डोळ्यांनी पाहता येईल, असे त्यांच्या मनाने घेतले. १९९२ साली त्यांनी त्याचे जनुक वेगळे केले. पण अनुदान संपले. तेव्हा ज्यांनी मागितले त्या सहकाऱ्यांस त्यांनी ते जनुक पाठवून दिले. मार्टिन चाल्फी ह्यांनी १९९४ साली एका सूक्ष्म कृमीच्या मज्जापेशी हिरव्या उजळून दाखविल्या. रॉजर त्सियन ह्यांनी त्या प्रथिनास नाना रंग दिले. आज मेंदूच्या पेशी, कर्करोगाचा प्रसार, गर्भाची वाढ, हे सारे जिवंतपणी पाहता येते ते ह्या दिव्यांमुळे.

२००८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक शिमोमुरा, चाल्फी आणि त्सियन ह्यांस मिळाले. त्या वेळी प्रॅशर अलाबामातील एका मोटारविक्रेत्याकडे ग्राहकांची ने-आण करणारी गाडी चालवीत होते. चाल्फी व त्सियन ह्यांनी त्यांस सपत्नीक स्वखर्चाने स्टॉकहोमला नेले आणि त्यांचे ऋण उघडपणे मान्य केले. पुढे त्सियन ह्यांनी त्यांस आपल्या प्रयोगशाळेत कामही दिले. पारितोषिक तिघांहून अधिकांस देता येत नाही, हा नियम. आमचे आयुष्य नियमांतच गेले, म्हणून नियमास आम्ही दोष देत नाही. परंतु टिपणी एकाची आणि स्वाक्षरी दुसऱ्याची, हे आम्ही रोज पाहिले आहे. काही वेळा ती स्वाक्षरी आमचीच होती आणि टिपणी लिहिणाऱ्याचे नाव घ्यावयाचे आमच्याकडून राहून गेले, हेही येथे कबूल करतो.

ह्या स्मरणिकेत अध्यक्षांची आणि कार्यवाहांची नावे छापली जातील, ती छापलीच पाहिजेत. परंतु पन्नास वर्षे गणेशोत्सवात सतरंज्या घालणारे, शंभर-शंभर पानांचे मोदक वळणाऱ्या, नव्याने बदलून आलेल्या कुटुंबास पहिल्या रात्री जेवू घालणाऱ्या, ह्यांचीही एक यादी करावी, अशी आमची संपादक मंडळास विनंती आहे. त्यांतील कित्येक आता आपल्यांत नाहीत. ज्यांना आठवतात ते आज येथे बसले आहेत. नावे आजच लिहून द्यावीत.

आमच्या मुलीस आम्ही पुढे एका जूनमध्ये भंडारदऱ्यास नेले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "एवढासा उजेड, पण सगळे झाड दिसते."