पाषाणभेद कोणता, पानफुटी कोणती?



रोपवाटिकेत पाषाणभेद मागितला की आपल्याकडे बहुतेक वेळा हाती येते ती पानफुटी. झाड देखणं आणि काटक आहे, पण आयुर्वेदात मुतखड्यावर ज्याचं मूळ वापरतात तो पाषाणभेद हा नव्हे. तो बर्जेनिया, सॅक्सिफ्राज कुळातला आणि हिमालयातल्या कातळाच्या फटींत वाढणारा. त्याला उभं खोड नसतं. जमिनीसरपट जाड कंद, त्यातून निघालेली तळहाताएवढी गोलसर पानं आणि वसंतात गुलाबी फुलांचे झुबके, ही त्याची खूण. सॅक्सिफ्राजच्या चारशेहून अधिक जाती आहेत, पण बहुतेक थंड डोंगरांतल्या. आपल्या अकोले तालुक्यातलं कळसूबाई १,६४६ मीटर, राज्यातलं सर्वांत उंच शिखर; तिथंसुद्धा त्यांना हवी तशी थंडी नाही. मग नगरच्या उन्हाळ्यात, पारा चाळिशीपार गेल्यावर, कुंडीतला बर्जेनिया तग धरेल ही आशा नको.

पानफुटी मात्र इथं रमते. ती मूळची मादागास्करची. तिचं कुळ वेगळं असलं, तरी आजचे वनस्पतिशास्त्रज्ञ दोघांना एकाच गणात ठेवतात, म्हणजे नातं आहेच. पान मांसल, कडा खाचदार आणि बऱ्याचदा जांभळट. पडलेल्या पानाच्या खाचांतून मुळांसह नवी रोपं फुटतात. पानओव्याशी गल्लत होते, म्हणून पान चुरडून पाहा. ओव्यासारखा वास आला आणि पान लवदार लागलं, तर ती पानफुटी नाही.

कमी पावसाच्या आपल्या पट्ट्यात ती का टिकते, हे मला तिच्यातलं सर्वांत नवलाचं वाटतं. इतर झाडं दिवसा पानांची सूक्ष्म छिद्रं उघडून हवा घेतात आणि त्याच वेळी पाणी गमावतात. पानफुटी ती मुख्यतः रात्री उघडते. घेतलेला कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवते आणि दुसऱ्या दिवशी, छिद्रं मिटलेली असताना, उन्हाच्या बळावर वापरते. म्हणून तिचं पान सकाळी आंबट असतं आणि दिवस चढेल तसा आंबटपणा उतरतो. मद्रास इलाख्यात काम करणाऱ्या बेंजामिन हाइन या वनस्पतिशास्त्रज्ञानं हा चवीतला फरक टिपला आणि १८१५ साली तो लंडनमध्ये छापून आला. रोजच्या पाहण्यातल्या झाडाकडे इतक्या बारकाईनं बघणाऱ्या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो.

तुम्ही मात्र चव घेऊन पाहू नका. या झाडात हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात आणि फुलोऱ्यात ती जास्त असतात. गुरं-शेळ्या पोहोचतील अशा बांधावर ते लावू नये. मुतखड्यासाठी रोज पानं खाण्याचा सल्ला कुणी दिला, तर आधी डॉक्टरांना किंवा वैद्यांना विचारा.

लागवडीला निव्वळ काळी माती नको. पावसाळ्यात ती पाणी धरते आणि खोड बुडापासून सडतं. बारीक मुरूम, जाड वाळू आणि थोडं कुजलेलं शेणखत घ्या. कुंडीच्या बुडाचं भोक मोकळं हवं. जून, धडधाकट पान ओलसर मातीवर नुसतं टेकवा, पुरू नका. रोपांना चार पानं आली की वेगळी करा. माती पूर्ण वाळल्यावरच पाणी द्या. एप्रिल-मेमध्ये दुपारची सावली हवी. कोवळ्या शेंड्यांवर मावा किंवा पिठ्या ढेकूण दिसला, तर ओल्या फडक्यानं पुसून काढा.

थंडीत उंच दांड्यावर खाली लोंबणारी, घंटेच्या आकाराची लालसर फुलं येतात. त्यासाठी झाडाला लांब, काळोख्या रात्री लागतात. तेव्हा दिवाळीनंतर कुंडी ओट्यावरच्या किंवा रस्त्यावरच्या दिव्याच्या उजेडातून हलवा.