कुरणाची माती आणि ट्रॅक्टरची अवजारे

गवताचे रान म्हणजे निसर्गाच्या हवाली केलेली जमीन; तिला नांगर नको, कुळव नको, असा समज आपल्याकडे फार जुना आहे. परंतु इंग्लंडमधील चेशायर, डेव्हन, सॉमरसेट हे परगणे, तसेच आयर्लंड व न्यूझीलंड, येथे दुधाचा सारा व्यवहार गवतावरच उभा असल्यामुळे कुरण हे एक पीकच मानले जाते. एकदा पेरलेले गवत तेथे वर्षानुवर्षे मोडीत नाहीत. त्यावर गाई चरतात, मुरघासासाठी ते कापले जाते, शेणकाल्याच्या जड टाक्या ओढीत ट्रॅक्टर त्यावरून फिरतात. दबत तर सर्व काही जाते. पण दरसालच्या नांगरटीने शेताची माती जशी मोकळी होते, तशी मोकळी होण्याची संधी या मातीला मिळत नाही. मग गवताचे आच्छादन न मोडता खालची माती सैल कशी करावी, हा प्रश्न उभा राहतो. त्यासाठी आज बाजारात इतकी अवजारे आहेत की, चुकीचे अवजार घेऊन पैसा आणि कुरण दोन्ही गमावण्याचा धोका खराच आहे.

चांगल्या मातीचा सुमारे निम्मा भागच घन असतो. उरलेला निम्मा म्हणजे बारीकमोठी छिद्रे. त्यांपैकी काहींत पाणी आणि काहींत हवा असावी लागते. आपला शेतकरी या अवस्थेला ‘वाफसा’ म्हणतो. माती दबली म्हणजे प्रथम मोठी छिद्रे मिटतात, आणि हवा खेळते ती त्यांतूनच. पावसाचे पाणी वर साचून राहते, मुळे उथळ होतात, गांडुळे कमी होतात. हवेवाचून जगणारे सूक्ष्म जंतू मग खतातील नत्राचे वायूत रूपांतर करतात. विकत घेतलेले खत असे आकाशात निघून जाते!

दाब दोन प्रकारचा असतो, आणि अवजाराची निवड पुष्कळशी या भेदावर अवलंबून आहे. पाचसहाशे किलो वजनाची गाय ओल्या जमिनीवरून चालते तेव्हा तिचा सारा भार खुरांच्या लहानशा क्षेत्रावर पडतो. तो दाब मोठा असला तरी त्याचा परिणाम बहुधा वरच्या दहा सेंटिमीटरांतच राहतो. भरलेल्या टाकीची गोष्ट निराळी. दहा हजार लिटर शेणकाला म्हणजेच दहा टन वजन; त्यात टाकीचे आणि ट्रॅक्टरचे वजन वेगळेच. आसावरचा भार जितका अधिक, तितका दाब खोल जातो. टायर रुंद घेतले व त्यांतील हवा कमी ठेवली, तर वरचा थर वाचतो. खोलवरचा दाब मात्र त्याने पुरता टळत नाही.

म्हणून अवजाराच्या दुकानात जाण्यापूर्वी कुरणात फावडे घेऊन जावे. हे काम विक्रेत्यावर सोपविण्याजोगे नव्हे. हात-दीड हात खोल खड्डा घ्यावा, एक बाजू न दाबता मातीचा ठोकळा अलगद उचलावा आणि हातांनी फोडून पाहावा. दाणेदार भुसभुशीत माती, तीत सर्वत्र पसरलेली मुळे, गांडुळांची बिळे, हे सुदृढ मातीचे लक्षण. कडा धारदार असलेली मोठी ढेकळे, आडव्या पापुद्र्यांसारखे थर, त्यांवरून आडवी वळलेली मुळे, करड्या-निळसर छटा आणि कुजका वास, ही दबलेल्या मातीची खूण. २००७ साली बॉल, बेटी व मुंखोम या संशोधकांनी या पाहणीला १ ते ५ अशा गुणांची सोपी मोजपट्टी बांधून दिली. १ म्हणजे उत्तम आणि ५ म्हणजे अगदी वाईट. ती वापरावयास प्रयोगशाळा लागत नाही. दबलेला थर कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो, हे दोन आकडे टिपून ठेवले की निवडीचे निम्मे काम झाले.

दोष वरच्या दहा सेंटिमीटरांत असेल तर पाती असलेले फिरते अवजार पुरते. आडव्या ढोलावर वा दांड्यावर पोलादी पाती बसविलेली असतात. ट्रॅक्टरने ओढताच ढोल फिरतो आणि पाती गवतातून मातीत चिरा पाडीत जातात. ढोलात पाणी भरून वजन वाढविता येते. हे अवजार तुलनेने हलके, मध्यम शक्तीच्या ट्रॅक्टरला ओढवणारे, आणि वेगाने काम उरकणारे आहे. पण त्याची धाव दहा-पंधरा सेंटिमीटरांपलीकडे नाही. खोल थर फोडण्यासाठी ते घेणे म्हणजे विहिरीचे काम खुरप्याने करणे होय. गवतातील वाळलेला कचरा व शेवाळ खरडणाऱ्या साखळीच्या दंताळ्याची शिफारसही कोणी कोणी याच कामासाठी करतात. ते अवजार उपयुक्त खरे, पण मातीत हवा खेळविणे हे त्याचे काम नव्हे.

दबलेला थर वीस-तीस सेंटिमीटरांवर असेल तर कुरण उचलणारा सबसॉयलर हवा. त्याचे तीन भाग नीट पाहून घ्यावेत. पुढे गोल चकती, जी गवताचा थर स्वच्छ कापते. तिच्यामागे पोलादी पाय, त्याच्या टाचेला दोन्ही बाजूंस पंख. शेवटी रूळ, जो वर उचललेले गवत पुन्हा जागी बसवितो. चकती नसेल तर गवत फाटून वर येते. रूळ नसेल तर कुरण उंचसखल होते. एकेका पायामागे ढोबळमानाने तीस ते चाळीस अश्वशक्ती धरावी. तीन पायांच्या अवजाराला शंभराच्या आसपास शक्तीचा ट्रॅक्टर लागतो, तो यामुळेच.

पायाच्या खोलीविषयी इंग्लंडमधील सिल्सो येथील स्पूर व गॉडविन यांनी १९७० नंतरच्या दशकात केलेले काम फार मोलाचे आहे. पाय एका ठरावीक खोलीपर्यंत माती वर उचलून भेगाळतो. त्याखाली गेल्यास माती वर न उठता बाजूला दाबली जाते, म्हणजे दोष दूर करण्याऐवजी वाढतो. ही मर्यादा टाचेच्या रुंदीच्या साधारण सहापट असते. पंख लावले म्हणजे ती खाली सरकते व भेगाही रुंद पसरतात. तेव्हा ‘जितके खोल तितके चांगले’ हे म्हणणे येथे लागू नाही. दबलेल्या थराच्या तळाखाली दोन-तीन सेंटिमीटर, एवढेच पुरे.

मोल नांगर ही तिसरी जात. बंदुकीच्या गोळीसारखा पोलादी ठोकळा तो चिकणमातीतून पन्नास-साठ सेंटिमीटरांवर ओढतो आणि पाण्याला वाट करून देतो. त्याचे काम मुख्यतः निचऱ्याचे. जमिनीत चिकण कमी असेल तर ती वाट लवकरच ढासळते.

अवजार योग्य असूनही वेळ चुकली तर सारे फुकट. ज्या खोलीवर काम करावयाचे तेथील माती तळहातावर वळून पाहावी. तिची बारीक वळी सहज होत असेल तर माती ओली आहे; पाय तीतून लोण्यातून सुरी जावी तसा जाईल आणि भेग पडणार नाही. अगदी कोरड्या जमिनीत मोठाली ढेकळे उपटून निघतात. ब्रिटनमध्ये उन्हाळ्याअखेर, मुरघासाची कापणी झाल्यावर, बहुधा हा वाफसा साधतो.

माळवा, बडोदे, बेळगाव या भागांतील काळ्या जमिनीचा येथे उल्लेख केला पाहिजे. तिच्यातील चिकण ओलाव्याने फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि हात-हात भेगा पडतात. सबसॉयलरचे काम तेथे वैशाखाचे ऊनच पुष्कळसे करते. बुंदेलखंडातील तांबड्या, कडक होणाऱ्या जमिनींना ही देणगी नाही. १९६२ साली स्थापन झालेली भारतीय चराई व चारा संशोधन संस्था त्याच भागात, झांशीला आहे. तथापि ज्या गायरानावर गुरांना एक दिवसाचीही बंदी नसते, तेथे कोणतेही अवजार चालवून काय उपयोग? सैल केलेली माती दुबळी असते आणि पहिल्यापेक्षा लवकर दबते. मुळे भेगांत उतरेपर्यंत गुरे व जड वाहने त्यावरून नेऊ नयेत.

दबलेल्या नसलेल्या कुरणात अवजार फिरविल्यास केवळ मुळे तुटतात आणि गवत घटते, असेही प्रयोगांत दिसून आले आहे. म्हणून अवजार विकत घेण्याआधी ते भाड्याने आणून एका भागात चालवावे, मध्ये एक पट्टा तसाच ठेवावा, आणि पुढील हंगामात दोन्हीकडे फावड्याने खड्डे घेऊन मुळे किती खोल गेली ते मोजावे.