मोल डोक्यात कसा शिरला?

मी संग्रामपूरचा. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी 'मोल' पार डोक्यावरून गेला. कॉलेज सोडायच्या बेतातच होतो.

मैत्रीण म्हणाली, "अरे, आपण खारपाणपट्ट्यातले. चल, मिठापासूनच सुरू करू."

सोडियम २३, क्लोरीन ३५.५. बेरीज ५८.५. तेवढे ग्रॅम मीठ म्हणजे एक मोल. ते विरघळवून द्रावण एक लिटर केलं, की एक मोलर.

दुसऱ्या दिवशी तिनं मलाच वर्गातल्या पोरांना शिकवायला लावलं. एकानं विचारलं, "लिटरभर पाण्यात मीठ टाकलं तर?"

मी अडकलो. मग तिघांनी मिळून शोधलं: मीठ विरघळलं की आकारमान बदलतं. म्हणून लिटर मोजायचा तो द्रावणाचा, नुसत्या पाण्याचा नाही.

तुम्हीही आज एकाला शिकवून बघा. जिथं अडकाल, तिथूनच अभ्यास सुरू करा.