स्वतःचे नाव, स्वतःची जागा

(बुलढाणा जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गापुढे झालेले भाषण)

१८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात एक लहानसे पुस्तक छापले गेले. प्रती ५००, किंमत ९ आणे. पुस्तकाचे नाव ‘स्त्रीपुरुषतुलना’ आणि लेखिकेचे नाव ताराबाई शिंदे. या ताराबाई बुलढाण्याच्या. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे हे येथील डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत कारकून होते आणि सत्यशोधक समाजाशी त्यांचा निकटचा संबंध होता. मुलींच्या शिक्षणाला समाजाचा विरोध असण्याच्या त्या काळात त्यांनी आपल्या मुलीला घरीच मराठी, संस्कृत व इंग्रजी शिकविले. बुलढाणा हे तेव्हा वऱ्हाडातले एक कचेरीचे गाव. रेल्वे गेली ती मलकापूरवरून. बुलढाणा शहरात ती आजही आलेली नाही. छापखाने, वर्तमानपत्रे, विद्वानांच्या सभा हे सारे पुण्या-मुंबईकडे. अशा ठिकाणी बसून एका स्त्रीने लिहिले आणि लिहिलेल्यावर स्वतःचे नाव घातले, ही साधी गोष्ट नव्हे.

१८६७ च्या कायद्यान्वये छापील पुस्तकावर मुद्रकाचे आणि प्रकाशकाचे नाव देणे बंधनकारक होते. लेखकाचे नाव पुस्तकावर छापण्याची सक्ती नव्हती. ताराबाईंना निनावी राहता आले असते, एखाद्या पुरुषाच्या नावाआड लपताही आले असते. त्यांनी तसे केले नाही.

त्यांना लिहावेसे का वाटले, हेही पाहिले पाहिजे. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला स्वतःच्या नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे ती कमी होऊन काळ्या पाण्याची झाली. पुनर्विवाहाची वाट समाजाने बंद केलेली, गर्भ राहिला तर बेअब्रू ठरलेली, आणि गर्भाला कारण झालेला पुरुष मात्र कोणाच्या खिजगणतीत नाही. एवढे असूनही ‘पुणे वैभव’ या पत्राने या निमित्ताने एकंदर स्त्रीजातीच्या नीतीवरच कोरडे ओढले. त्यांना उत्तर म्हणून ताराबाईंचा निबंध जन्मास आला. जे दोष स्त्रीच्या माथी मारले जातात ते पुरुषांत नाहीत काय, असा त्यांचा रोखठोक सवाल होता. प्रस्तावनेत त्यांनी स्वतःची ओळख दिली ती लिहिण्याचा पहिलाच प्रयत्न करणारी आणि मराठा घराच्या चार भिंतींत कोंडलेली एक स्त्री म्हणून. आपली भाषा तिखट झाली आहे, हेही त्यांनी लपविले नाही.

मित्रहो, येथे एक मुद्दा ध्यानात घेतला पाहिजे. ताराबाईंची सार्वजनिक ओळख कोणी बहाल केलेली नव्हती. पदवी नव्हती, पद नव्हते, सभेचे व्यासपीठ नव्हते. अन्यायाविरुद्ध त्यांनी एक बाजू घेतली आणि त्या बाजूखाली सही केली. तीच त्यांची ओळख झाली. आज ‘स्वतःची प्रतिमा घडविणे’ हा शब्दप्रयोग फार ऐकू येतो. चौकाचौकांतले वाढदिवसाचे फ्लेक्स आणि मोबाइलवर दिवसाला दहा वेळा झळकणारी छायाचित्रे यांतून प्रतिमा तयार होते, यात शंका नाही. पण प्रतिमा आणि ओळख यांत अंतर आहे. ज्या लेखनासाठी कधीच काही किंमत मोजावी लागत नाही, ते फलकाला शोभेल. त्यातून माणूस कळत नाही.

दुसरा मुद्दा जागेचा. उत्तर द्यायचे तर ते कोठे द्यायचे? ज्यांच्या हाती पत्र, त्यांच्याच हाती कोणाला बोलू द्यावयाचे याचा निर्णय. म्हणून ताराबाईंना स्वतंत्र पुस्तक काढावे लागले. म्हणूनच कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली ‘दीनबंधु’ सुरू केला. म्हणूनच ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेब आंबेडकरांचा ‘मूकनायक’ निघाला. त्याची जाहिरात पैसे देऊ केले असताही ‘केसरी’ने छापली नव्हती. वंचितांच्या चळवळीला स्वतःची जागा नेहमी स्वतःच उभी करावी लागली आहे.

आज मेहकरच्या वा सिंदखेडराजाच्या एखाद्या मुलीच्या हातात मोबाइल आहे. तिला छापखान्याकडे जावे लागत नाही, ९ आणे मोजणारा गिऱ्हाईक शोधावा लागत नाही. ही फार मोठी मुक्तता आहे आणि तिला नाक मुरडणे हा करंटेपणा होईल. परंतु ती जेथे लिहिते ती जागा बहुधा तिची नसते, कंपनीची असते. काय पुढे ढकलायचे आणि काय मागे ठेवायचे हे कंपनी ठरविते. नफा दिसेनासा झाला की दुकान बंद होते. ‘ऑर्कुट’वर भारतातील असंख्य तरुणांनी आपली ओळख मांडली होती, ३० सप्टेंबर २०१४ रोजी ते बंद झाले. भाड्याच्या घरात राहायला हरकत नाही, पण घरमालक कोण आहे हे विसरता कामा नये. आपल्या लेखनाची प्रत आपल्यापाशी असावी आणि होईल तेथे जागाही आपलीच असावी.

तिसरा मुद्दा धोक्याचा. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघर येथे दोन तरुणींना अटक झाली. एकीने मुंबईतील बंदविषयी फेसबुकवर मत मांडले होते आणि दुसरीने त्याला पसंती दर्शविली होती. ज्या कलमाचा तेव्हा आधार घेतला गेला ते माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरविले. कलम गेले, पण नावानिशी बोलणाऱ्या स्त्रीवर तुटून पडण्याची वृत्ती काही गेली नाही. म्हणून प्रत्येकाने खरे नाव लावलेच पाहिजे असा हट्ट धरणे बरोबर नाही. गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकरीत होते. १८४८ पासून ‘प्रभाकर’मध्ये त्यांनी जी पत्रे लिहिली ती ‘लोकहितवादी’ या नावाने. टोपणनाव हे भित्रेपणाचेच लक्षण असते असे नाही. दुबळ्याची ती ढालही असते. मात्र त्या आडून दुसऱ्याची अब्रू घेणारा आणि त्या आडून सत्य सांगणारा, यांत फरक करता आला पाहिजे.

आता शेवटचा आणि कार्यकर्त्यांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. ‘स्त्रीपुरुषतुलने’चे पुढे काय झाले? प्रतिकूल टीकेचा भडिमार झाला. जोतीराव फुल्यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात ताराबाईंची बाजू घेतली आणि सहकाऱ्यांना त्यांच्या पुस्तकाचे महत्त्व सांगितले. पण एकट्या जोतीरावांच्या पाठिंब्याने ती उणीव भरून निघाली नाही. त्या पुस्तकानंतर ताराबाईंचे दुसरे पुस्तक आले नाही. तेही विस्मृतीत गेले. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणले, तेव्हा मधे ९३ वर्षे गेली होती. १९९४ मध्ये रोझालिंड ओ’हॅन्लन यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला आणि बुलढाण्याची ही लेखिका जगाला माहीत झाली.

ही ९३ वर्षे कोणाच्या खात्यावर मांडायची? लिहिण्याचे धैर्य ताराबाईंनी दाखविले होते. त्यात काही उणे नव्हते. उणीव राहिली ती त्यांच्या भोवतालच्या समाजाची, आणि त्यात सुधारणेची भाषा बोलणारेही आले. बोलण्याचे स्वातंत्र्य एकट्याने घेता येते, पण ते टिकवायला सोबत लागते. लिहिणाऱ्याचे वाचणारे कोणी हवे, चुकले तर प्रेमाने सांगणारे हवे, आणि झुंडीने वेढले तर शेजारी येऊन उभे राहणारे हवे.

तेव्हा या जिल्ह्यातील एखादी शेतमजूर बाई, एखादी आशा सेविका, एखादा विद्यार्थी जेव्हा स्वतःच्या नावाने चार ओळी लिहील, तेव्हा त्या ओळींतले शुद्धलेखन तपासण्याआधी कार्यकर्त्यांनी त्या वाचाव्यात, जपाव्यात आणि उत्तर द्यावे. ताराबाईंना ज्याची वाण पडली ते एवढेच होते.